स्ट्रायकर घेतला का?

गोवर्धनला मी तीस वर्षं ओळखतो. एवढ्या वर्षांत मी त्याच्याशी एकदाच खोटं बोललो, आणि ते एक खोटं असं वाढत गेलं की एका रविवारी अमरावतीच्या एका हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसांसमोर तो ते शपथेवर बोलायला निघाला. खोटं माझं, शपथ त्याची. मन हलकं व्हावं म्हणून मी हे सांगत नाही. लोक अजून त्याचंच नाव घेतात, म्हणून सांगतो आहे.

आधी माणूस सांगतो. अकोल्याच्या जुन्या शहराकडे जिथे वस्ती संपते आणि मळे लागतात, तिथे गोवर्धनचं घर. दोन एकर मळा, एक विहीर. पालक, मेथी आणि सांबार. पुण्याकडचे पाहुणे सांबार म्हटलं की इडली शोधतात, पण आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. सकाळी तो माल बाजारात उतरवतो, त्याची बायको चंदावहिनी ओट्यावर बसून जुड्या विकते. बोलणं कमी, तोंड फटकळ. जुडीत एक काडी पिवळी निघाली तर तो स्वतःच शिव्या देऊन ती जुडी मोडतो.

आणि कॅरम. आमच्या गणेश मंडळाच्या खोलीत एक बोर्ड होता आणि त्यावर गोवर्धनचं राज्य होतं. जोडीच्या खेळात मी त्याचा जोडीदार. मी मध्यमच. माझं काम एवढंच की त्याची पाळी येईपर्यंत घाण करायची नाही. त्या खोलीचे दोन रिवाज सांगून ठेवतो, पुढे लागतील. पाळी आली की समोरचा विचारायचा, "स्ट्रायकर घेतला का?" म्हणजे हातात घेतला का, तयार आहेस का. आपण म्हणायचं, "घेतला." मग खेळ पुढे. दुसरा रिवाज राणीचा. सोंगटीला धक्का लागला की नाही, यावर भांडण झालं तर आमच्याकडे पंच नसे. ज्याच्यावर आळ, त्याने लाल राणीवर बोट ठेवायचं आणि काय झालं ते बोलायचं. मग विषय संपला. जमिनीच्या मोजणीत बेधडक खोटं बोलणारी माणसं मी त्या खोलीत पाहिली, पण राणीवर बोट ठेवून कुणी खोटं बोललेलं पाहिलं नाही.

बारा वर्षांपूर्वी कडबा कुट्टीच्या यंत्रात गोवर्धनच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट गेलं. दोन पेरं तुटली, एक खुंट राहिला. दवाखान्यातून आल्यावर त्याने एकदाच मधल्या बोटाने स्ट्रायकर मारून पाहिला. तो आडवा गेला. गोवर्धन उठला, चप्पल घातली आणि पुन्हा त्या खोलीत आला नाही. तेव्हापासून चार माणसांत गेला की त्याचा उजवा हात खिशात. लग्नात जेवायला बसला तरी शेवटी बसायचा, कोपऱ्यात.

माझा धंदा आधी केबलचा, आता इंटरनेटचा. गेल्या पावसाळ्यात मी त्याच्या फोनवर कॅरमचा एक खेळ टाकून दिला. 'राजा कॅरम' त्याचं नाव. सहज टाकला, माझ्या डोक्यात काही नव्हतं. त्यात टिचकी मारावी लागत नाही. काचेवर बोट ठेवायचं, मागे ओढायचं, सोडायचं. गोवर्धनने मधलं बोट लावलं, अंगठा लावला, आणि मग इकडेतिकडे पाहून तो खुंट लावला. खुंटाचं कातडं पातळ. स्ट्रायकर केसभर सरकवायचा तर केसभरच सरकला. माझ्या ऑफिसातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तो तीन तास हलला नाही. चंदावहिनी शोधत आल्या, दारातून त्याच्याकडे पाहिलं आणि परत गेल्या.

मग मी त्याला नेटची लाईन दिली. कॉलनीची लाईन जोडणीच्या तीन डब्यांतून फिरून जाते, म्हणून संध्याकाळी अडकते. गोवर्धनचं घर माझ्या ऑफिसच्या अगदी मागे. माझ्या गच्चीवरून त्याच्या टिनाच्या छपरावर सरळ वायर फेकली. खालून पाईप नाही, डबा नाही, वरून थेट. त्याचं नेट कधी अडकत नसे.

या खेळात सगळ्यांना पांढरा स्ट्रायकर फुकट मिळतो. नेम धरला की समोर एक छोटी तुटक रेघ दिसते. पैसे दिले की रंगीत स्ट्रायकर मिळतो आणि रेघ लांब होते, सोंगटी कुठे जाईल तेही दाखवते. फार खेळून, फार जिंकून कधी कधी कंपनी असा स्ट्रायकर बक्षीसही देते. पण विकत घेणाऱ्यांवर बाकीचे थुंकतात. आणि ज्याचं नेट चांगलं, त्याच्यावरही थुंकतात, कारण समोरच्याचं नेट अडकलं की त्याची पाळी जाते आणि याला आयता गेम मिळतो.

थुंकणाऱ्यांत आमचा गोवर्धन सगळ्यात पुढे. भाजीबाजारातला अडत्या देवमन यानेही हा खेळ घेतला होता, आणि त्याने पैसे देऊन निळा स्ट्रायकर आणला. गोवर्धनने भर बाजारात त्याला नाव ठेवलं, "भाड्याचा हात." "पैशे देऊन निशाना भेटते का बे? हात भाड्यानं भेटते का?" बाजार आठवडाभर हसला. देवमनने ते लक्षात ठेवलं. मीही हसलो होतो, हे इथे लिहून ठेवतो.

पांढऱ्या स्ट्रायकरवर गोवर्धन सुरुवातीला अकरा गेम जिंकला. मग खेळाने त्याला वरच्या खेळाडूंशी जोडायला सुरुवात केली, आणि तिथे सगळे लांब रेघवाले. पोळ्याच्या दिवशी तो लागोपाठ नऊ गेम हरला. शेवटच्या गेमनंतर त्याने फोन माझ्या टेबलावर पालथा ठेवला.

"माहा हात गेला तो गेलाच शाम," तो म्हणाला. "हे पोट्ट्यायचं खेळणं हाये. काढून टाक." आणि हात खिशात घालून गेला.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीत लेकरं लाकडी बैल ओढत होती, आणि मी ऑफिसात बसून माझ्या खात्यातून गोवर्धनच्या खात्यावर एक पिवळा स्ट्रायकर भेट पाठवला. पैसे माझे, फोन माझा, त्याच्या फोनवर पावती नाही. संध्याकाळी त्याला बोलावून सांगितलं, "पाह्य, कंपनीनं तुले बक्षीस देल्लं."

"नऊ हरल्याचं बक्षीस?"

"आंदी अकरा जितला त्याचं. त्यायले हात दिसते भाऊ, मशीन हाये ती."

त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ त्या पिवळ्या स्ट्रायकरकडे पाहत राहिला. मला दया आली म्हणून मी हे केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं अर्धंच ते. फोनवरही आम्ही जोडीने खेळायचो, आणि मलाही हरायचा कंटाळा आला होता.

मग तो जिंकायला लागला. चार महिने जिंकत होता. बाजारात फोन काढून दाखवायचा, "बक्षीस भेटला, इकत नाही." आणि दाखवताना उजव्या हाताने दाखवायचा. चंदावहिनी मला म्हणाल्या, आता ते लग्नात पहिल्या पंगतीला बसतात. हे ऐकल्यावर तोंड उघडायची माझी हिंमत होणं शक्यच नव्हतं.

डिसेंबरमध्ये वऱ्हाडातल्या जुन्या कॅरम मंडळांनी मिळून याच खेळाची स्पर्धा ठेवली. सांभाळणारे अमरावतीचे भगवंतराव. सत्तरीचे, बोर्डाच्या जमान्यातले, गोवर्धनला तेव्हापासून ओळखणारे. नियम एकच. बक्षिसाचा स्ट्रायकर चालेल, विकतचा चालणार नाही. उपांत्य सामन्यापर्यंत घरूनच खेळायचं, अंतिम सामना अमरावतीला हॉलमध्ये. गोवर्धन उपांत्य फेरीत पोचला आणि समोर आला तिवस्याचा कुलदीप. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, मोटार रिवाइंडिंगचं दुकान, पांढरा स्ट्रायकर, आणि गच्चीवर चढल्याशिवाय नेट नाही.

गेम अटीतटीचा झाला. फोनवर बोलत बोलत खेळत होते, आणि कुलदीप ते बोलणं रेकॉर्ड करत होता. नंतर ते अख्ख्या वऱ्हाडाने ऐकलं, तसंच देतो.

कुलदीप म्हणतो, "काका, स्ट्रायकर घेतला का?"

आमचा गोवर्धन म्हणतो, "घेतला ना बावा! कवाचाच घेतला. चाल."

मग कुलदीप, "अन् तुमचं नेट कसं काय अडकत नाही?"

"आपलं कनेक्शन वरून हाये ना. शामनं थेट टाकून देल्लं."

त्यानंतर दोन मिनिटांत राणी झाकायच्या, म्हणजे कव्हर करायच्या वेळी कुलदीपचं नेट गेलं, पाळी गेली, गेम गोवर्धनला मिळाला.

ज्याने मंडळाच्या खोलीत एक संध्याकाळ काढली आहे त्याला कळेल गोवर्धन काय म्हणाला. स्ट्रायकर हातात घेतला, पाळीला तयार आहे. वायर वरून येते, पाईपातून नाही. पण कुलदीपने लाकडाचा बोर्ड पाहिलेला नाही. त्याच्या पिढीसाठी घेतला म्हणजे विकत घेतला, आणि कनेक्शन वरून म्हणजे वर ओळख, वशिला. मी त्याला दोष देत नाही. गच्चीवर उभं राहून हरलेल्या माणसाने दुसरा कोणता अर्थ लावायचा? गुरुवारी त्याने ते सगळीकडे पाठवलं. खाली लिहिलं होतं, पैशाचा स्ट्रायकर, वशिल्याचं नेट.

शुक्रवारी बाजारात देवमन वाटच पाहत होता. गोवर्धनने क्रेट उतरवायच्या आत तो ओरडला, "काय गोवर्धन! हात भाड्यानं भेटला का इकत घेतला?" हमाल हसले, गिऱ्हाईक हसलं. गोवर्धन त्याच्या अंगावर धावला. लोकांनी मध्ये धरलं. त्या ओढाताणीत सांबाराचा क्रेट उलटला आणि चार माणसं जुड्यांवरून चालून गेली. गोवर्धनने खाली वाकून एकही जुडी उचलली नाही. जुडीवर जीव टाकणारा माणूस तो.

दुपारी भगवंतरावांचा त्याला फोन आला. माझ्यासमोरच बोलला. ते म्हणाले, तक्रार आली आहे, फोन तपासून काही कळणार नाही, भेट आलेला आणि बक्षीस मिळालेला स्ट्रायकर सारखाच दिसतो. "रविवारी बोर्ड मांडतो. राणीवर बोट ठेव अन् सांग. तुझ्या शब्दावर मी कुणाला बोलू देणार नाही."

"येतो," गोवर्धन म्हणाला. फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. "झालं शाम. राणीच हाये ना? मंग कोनाच्या बापाले भेतो मी?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा घेतो का?"

संध्याकाळी चंदावहिनी ऑफिसात आल्या. त्या कधी आत येत नाहीत, त्या दिवशी आल्या. ओट्यावर बायका त्यांनाही टोमणे मारत होत्या. जुडी हातात घेऊन विचारायच्या, ही तरी घरची हाये का?

"शामभाऊ, मले खरं सांगा. यायनं पैशे नाही ना भरले कुठी?"

"नाही वहिनी. गोवर्धननं एक रुपया नाही भरला."

शब्दाला शब्द खरं होतं ते. वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "मले मालूमच होतं," म्हणाल्या आणि गेल्या. मी किती हलकट माणूस आहे ते मला त्या दिवशी कळलं. खोटं बोलणाऱ्याला निदान धाक असतो. मी खरं बोलून फसवायला शिकलो होतो.

शनिवारी ठरवून मळ्यात गेलो. आज सांगायचंच. गोवर्धन विहिरीच्या कठड्यावर बसला होता, समोर बिस्किटाचा जुना डबा. त्यात आमच्या मंडळाच्या बोर्डाची राणी होती. बोर्ड मोडला तेव्हा ती त्याने कुणाकडून तरी मागवून घेतली होती, हे मलाही माहीत नव्हतं. रंग उडून ती गुलाबी झाली होती. तो ती धोतराच्या कापडाने पुसत होता.

"बारा वर्षं झाले, मी इले हात लावला नाही," तो म्हणाला. "म्हनलं, ज्या बोटानं शपथ घ्याची तेच नाही, तं लावून काय करू? आता वाटते, हात वापस आला ना. कंपनीले दिसला, सगळ्यायले दिसला. तं उद्या हा खुंट ठेवतो हिच्यावर. साफ हातानं ठेवतो." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू काहून आलता?"

"उद्या बस कितीची धरायची, इचारायले आलो."

"सातची."

मी परत आलो. वाटेत दोनदा थांबलो, दोनदा मागे वळलो, आणि तरी परत आलो. हिशोब साधा होता. गप्प बसलो तर त्याचं नाव वाचतं, हात वाचतो, फक्त एक शपथ खोटी होते, आणि ती खोटी आहे हे त्यालाही कधी कळणार नाही. बोललो तर सगळंच जातं. रात्रभर मला गप्प बसणंच बरं वाटत होतं. सकाळी बसमध्येही तेच वाटत होतं. मूर्तिजापूरला बस थांबली, गोवर्धन खाली उतरून दोन चहा घेऊन आला, एक मला दिला. उजव्या हाताने दिला. बसमध्ये माणसं होती आणि तो हात बाहेर होता.

अमरावतीचा हॉल मंगल कार्यालयाचा होता. मधोमध टेबल, त्यावर लाकडी बोर्ड, पावडर टाकलेली, आणि बोर्डाच्या मध्यात एकटी राणी. गोवर्धनने खिशातून डबा काढला आणि भगवंतरावांना विचारलं, "आमची ठेवू का?" त्यांनी ती गुलाबी राणी हातात घेतली, ओळखली, आणि आपल्या हाताने ठेवली. कुलदीप समोर उभा होता, फोन वर धरून. किडकिडीत, हातावर वार्निशचे डाग. तो दुष्ट दिसत नव्हता, याचाच मला राग आला.

भगवंतराव म्हणाले, "सगळ्यांनी ऐका. राणीवर बोट ठेवून माणूस बोलला की त्यावर बोलायचं नाही. बाहेर नाही, फोनवर नाही." मग गोवर्धनकडे वळले. "ठेव बोट. अन् सांग. स्ट्रायकर घेतला का?"

गोवर्धनने हात पुढे केला. खुंट राणीपासून बोटभर वर आला. त्याचा हात जराही हलत नव्हता. आणि मला एकदम दिसलं की हा जे करतो आहे ते खेळासाठी नाही, नावासाठीही नाही. त्याच्याकडे खरी म्हणून जेवढी एक गोष्ट उरली होती, ती तो त्या राणीवर ठेवत होता. ती मी खोटी करून ठेवली होती. त्याला कधी कळलं नसतं, पण मला रोज दिसली असती.

"थांब भाऊ," मी म्हणालो. "मी घेतला."

काही माणसं हसली. त्यांना वाटलं मी गोंधळलो. भगवंतराव चिडले, "तुम्हाला नाही विचारलं."

"स्ट्रायकर मी घेतला. इकत. माह्या पैशानं, याच्या नावावर टाकला. याले मालूम नाही. याले म्या बक्षीस म्हनून सांगितलं."

गोवर्धनचा हात होता तिथेच होता.

"कवा?" त्याने विचारलं.

"तान्ह्या पोळ्याले."

"मंग ते कंपनीचं?"

"नव्हतं."

"हात दिसते म्हनला होता तू."

त्याने हात मागे घेतला. सावकाश, राणीला धक्का लागणार नाही असा. आणि खिशात घातला.

तो मला मारेल म्हणून मी उभा होतो. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. तो भगवंतरावांना म्हणाला, "नियम हाये. इकतचा चालत नाही. कोनं घेतला ते कोन पाह्यते? मी बाद." मग कुलदीपकडे वळला. "पन तुही अन् माही पाळी बाकी हाये. त्या दिवशी तुहं नेट गेलतं. दोघंही पांढऱ्यानं खेळू. इथच्या नेटवर. फायनल तुहीच, त्याचं काही नाही."

कुलदीपने फोन खाली केला. "काका, राहू द्या," तो म्हणाला.

"राहू नको देऊ."

खेळले. चार महिने लांब रेघेवर काढलेला माणूस, त्याच्यासमोर आता टीचभर रेघ. पहिल्या दोन पाळ्या फुकट गेल्या. कुणीतरी मागे खुसखुसलं. तिसऱ्या पाळीला त्याने खिशातून हात काढला, कारण डाव्या हाताने जमत नव्हतं. मग थोडा सावरला. राणी त्यानेच घेतली, आणि ती झाकायला पलीकडच्या भिंतीजवळची सोंगटी अशी बारीक कापली की कुलदीपच्या तोंडून "आयला" निघालं. तरीही तो हरला. चार सोंगट्यांनी हरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या त्याला आवडल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारीच बसला, खिडकीकडे तोंड करून. मूर्तिजापूर गेल्यावर बोलला.

"पोळ्याच्या आंदी किती जितलो होतो?"

"अकरा."

"ते?"

"ते तुहे भाऊ. पांढऱ्यावरचे."

"अकरा," तो म्हणाला.

कुलदीप सरळ पोरगा निघाला. त्याने पहिलं रेकॉर्डिंग काढून टाकलं आणि दुसरं टाकलं, त्यात माझं नाव घेऊन सगळं सांगितलं. पहिलं सगळ्यांनी ऐकलं होतं. दुसरं कुणी ऐकलं नाही. बाजारात अजून गोवर्धनचा क्रेट उतरला की कुणीतरी म्हणतं, "काय भाऊ, घेतला का?" मी दोनदा तिथे उभं राहून ओरडून सांगितलं की घेणारा मी आहे. देवमन म्हणाला, दोस्त असावा तर असा, आळ आपल्या अंगावर घेणारा, आणि सगळे पुन्हा हसले.

आठ दिवसांनी चंदावहिनी दारात आल्या. या वेळी आत आल्या नाहीत. "यायनं सांगतलं, ते वरची वायर काढून घ्या. सगळ्यायले जशी लाईन देल्ली तशी द्या." मी स्वतः टिनावर चढलो आणि वायर काढली. गोवर्धन खाली अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होता. वर पाहिलं नाही. आता त्याची लाईन तीन डब्यांतून फिरून जाते आणि संध्याकाळी अडकते. पिवळा स्ट्रायकर त्याने वापरायचा बंद केला. पांढऱ्यावर तो एकटाच खेळतो हे मला माझ्या फोनवर त्या खेळात दिसायचं. तेवढाच आमचा संबंध उरला होता. दोन महिने तो माझ्याकडे आला नाही, आणि ती प्लास्टिकची खुर्ची मी दुसऱ्या कुणाला बसू दिली नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी आला. खुर्ची ओढली, बसला.

"जोडीची लाव," म्हणाला.

मी लावली. समोर कुणी नागपूरकडचे दोघे होते, दोघांचेही रंगीत स्ट्रायकर. आमचे पांढरे. माझी पाळी झाली, त्यांची झाली, गोवर्धनची आली. तीस वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "स्ट्रायकर घेतला का?"

बोललो आणि जीभ चावली. त्याने फोनवरून नजर काढली नाही. खिशातून हात काढला, खुंट काचेवर टेकवला.

"उचलला," तो म्हणाला.